पाताळातली मोकळीक

१९९०च्या सुमारास टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात, ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीत, 'अल्टिमा ६' या गेमची चाचणी चालली होती. गेममध्ये एके ठिकाणी वाट अडवणारा लोखंडी जाळीचा दरवाजा होता. तो उघडण्याची कळ दरवाजाच्या पलीकडे. गेम रचणाऱ्यांनी तोड आधीच ठरवून ठेवली होती: दुरून वस्तू हलवण्याचा मंत्र म्हणायचा, कळ ओढली जाईल, जाळी वर जाईल. चाचणीला बसलेल्या मुलाकडे तो मंत्रच नव्हता. गेमच्या निर्मात्यांपैकी एक, वॉरन स्पेक्टर, हे बघत होता आणि आता हा इथे अडकणार याबद्दल त्याला शंका नव्हती. पण त्या मुलाच्या सोबत्यांमध्ये शेरी नावाची एक उंदरीण होती. त्याने तिला पुढे पाठवलं. जाळीखालच्या फटीतून ती सरकली, पलीकडची कळ तिने ओढली आणि दरवाजा उघडला.

ही युक्ती कुणीही गेममध्ये घालून ठेवलेली नव्हती. उंदीर अंगाने लहान असतो हे गेमला ठाऊक होतं, आणि जाळीखालून लहान प्राणी जाऊ शकतो हेही ठाऊक होतं. दोन्हीची सांगड मात्र खेळाडूने घातली. स्पेक्टर पुढे कित्येक वर्षं मुलाखतींत हा प्रसंग सांगत राहिला. त्याच्या पुढच्या सगळ्या कामावर या उंदरिणीची सावली आहे असं म्हटलं तरी चालेल.

टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात अशा युक्तीचं कुणाला नवल वाटलं नसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आला. त्यात एक माणूस पंच आणि निवेदक अशी दोन्ही कामं करतो. बाकीचे म्हणतात, आम्ही तेलाचा बुधला जिन्यावरून लोटतो आणि मागोमाग पेटती मशाल टाकतो. पंच क्षणभर विचार करतो, फासे टाकतो आणि काय झालं ते सांगतो. पुस्तकात बुधल्याचा नियम असो वा नसो, त्याच्यापाशी तारतम्य असतं. स्पेक्टर याच खेळात मुरलेला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ऑस्टिनमध्ये तो ज्या टोळक्यात खेळायचा त्याचा पंच होता ब्रूस स्टर्लिंग, पुढे विज्ञानकथांसाठी जगभर नाव झालेला लेखक. इतका कल्पक माणूस समोर बसलेला ज्याने अनुभवला, त्याला संगणकाकडून मिळणारं 'हे करता येत नाही' हे उत्तर किती खटकत असेल.

संगणकाजवळ पंच नाही. पाताळात, भुयारात, तळघरात उतरायच्या सगळ्या गेमची मूळ अडचण हीच. सुरुवातीच्या लोकांनी ती आपापल्या परीने सोडवली. विल क्राउदर स्वतः गुहांमध्ये उतरणारा माणूस. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या परिसरातल्या, त्याने पायांखाली घातलेल्या गुहेवरून त्याने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर 'ॲडव्हेंचर' लिहिला. त्यात खेळाडूने शब्द टाइप करायचे, पण गेमला कळणारे शब्द मोजकेच. 'विझर्ड्री'ने १९८१ मध्ये सहा जणांची टोळी रेघांनी काढलेल्या बोळांतून फिरवली, तीही पाळीपाळीने. रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा' मालिकेने वर मोठा प्रदेश उभा केला, पण तिची भुयारं बराच काळ लढाईपुरतीच राहिली.

मग १९८७ च्या अखेरीस अटारी एसटी या संगणकासाठी एफटीएल गेम्सचा 'डंजन मास्टर' आला. इथे राक्षस खेळाडूच्या पाळीसाठी थांबत नसत. मशाल हळूहळू विझायची, भूक लागायची, जमिनीवरची वस्तू माउसने उचलून हातात घेता यायची. एक गोष्ट तर अशी की ती आजही सांगाविशी वाटते. दरवाजे वरून खाली यायचे, आणि राक्षस नेमका उंबऱ्यात असताना बटण दाबलं तर दार त्याच्या डोक्यावर आदळायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. तलवार न उचलता राक्षस मरायचा. खेळाडूंना मनापासून आनंद व्हायचा तो याचाच. दाराला वजन आहे, म्हणून ते लागतं. एवढं साधं तर्कशास्त्र गेमने मान्य केलं होतं. मात्र चालणं अजून चौकटीचौकटीने होतं. एक पाऊल म्हणजे एक घर, वळणं म्हणजे काटकोन.

'डंजन मास्टर' पाहून भारावलेल्यांत पॉल न्यूराथ होता. त्याने ओरिजिनसाठी अंतराळातला एक गेम केला होता, त्यात यान चालवणं आणि रोल-प्लेइंग यांची जोड होती. ओरिजिनने आपलं काम टेक्सासला हलवलं तेव्हा न्यूराथ ईशान्य अमेरिकेतच राहिला. १९९० मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या सेलम गावात त्याने ब्लू स्काय प्रॉडक्शन्स ही छोटी कंपनी काढली. डोक्यात कल्पना एकच होती: चौकटी काढून टाकायच्या. खेळाडूला भुयारात कुठल्याही दिशेने, कितीही अंतर, कोणत्याही कोनातून जाऊ द्यायचं.

सांगायला सोपं होतं. तेव्हाच्या ३८६ संगणकावर प्रत्येक क्षणाला चित्र नव्याने रंगवायचं, म्हणजे भिंतीवरचा दगडी पोत जवळ आल्यावर मोठा, लांब गेल्यावर बारीक आणि तिरकं पाहिल्यावर तिरका दिसला पाहिजे. याला टेक्स्चर मॅपिंग म्हणतात. प्रोग्रामर क्रिस ग्रीन याने त्याची रीत बसवून दिली. जून १९९० च्या कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शोमध्ये नमुना दाखवला गेला आणि पाहणारे थक्क झाले. ओरिजिनने गेम घेतला आणि तो आपल्या 'अल्टिमा'च्या जगात बसवायचं ठरलं. ओरिजिनची उचल तुटपुंजी होती. बाकीचा पैसा मुख्यतः न्यूराथ आणि त्याचा मित्र नेड लर्नर यांनी घातला. गेमचं नाव ठरलं 'अल्टिमा अंडरवर्ल्ड: द स्टिजियन अबिस'.

गोष्ट थोडक्यात अशी. 'अल्टिमा' मालिकेतल्या ब्रिटानिया या राज्यातल्या एका सरदाराची मुलगी पळवली जाते, आळ खेळाडूवर येतो, आणि त्याला स्टिजियन अबिस नावाच्या प्रचंड विवरात ढकलून मागे दार बंद केलं जातं. मुलगी शोधायची तर खालीच जायचं. एकूण आठ मजले.

हा गेम निघाल्यावर खूप वर्षांनी मी तो खेळायला घेतला, तरीही पहिल्या मजल्याने पकडून ठेवलं ते आजवर सोडलेलं नाही. दारापाशी एका पिशवीत थोडंफार सामान पडलेलं असतं. पुढे काळोख. मशाल पेटवली की चार पावलांपुरता उजेड पडतो. जमीन सपाट नाही, उतार आहेत, कुठे छत उंच तर कुठे वाकावं असं वाटेल इतकं खाली. वर बघता येतं, खाली बघता येतं. पाण्यात उतरलं तर पोहावं लागतं. खड्डा आला तर धावत येऊन उडी मारायची, आणि ती उडी किती लांब पडेल हे धावण्याच्या वेगावर ठरतं. एखादी वस्तू फेकली तर ती भिंतीवर आपटून उसळते. खाल्लं नाही तर अंगातलं बळ जातं, झोपायला सुरक्षित कोपरा शोधावा लागतो.

बंद दार समोर आलं की या गेमचं मन कळतं. किल्ली असेल तर किल्ली. नसेल तर कुलूप खोलायची हत्यारं, आणि ती चालवण्याची हातोटी. तीही नसेल तर मंत्र. काहीच नसेल तर कुऱ्हाडीने दारावर घाव घालत राहायचं; दार मोडेल, पण कुऱ्हाडीचीही धार जाईल. हाताला न पोहोचणारं बटण दाबायला एक लांब काठी उपयोगी पडते. त्याच काठीला चांगला दोरा बांधला की गळ तयार होतो आणि मासे पकडता येतात. मक्याचं कणीस पेटत्या मशालीवर धरलं तर लाह्या होतात. लाह्यांनी सरदाराची मुलगी सुटत नाही, पुढचं दार उघडत नाही. कुणीतरी फक्त एवढाच विचार केला होता की आग आहे आणि मका आहे, तेव्हा खेळाडू एकदा तरी हे करून पाहणार. त्या करून पाहणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, हा जो आदर आहे तो मला या गेममधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

नकाशाचंही तसंच. चाललेली वाट गेम आपोआप काढत जातो, पण त्या नकाशावर खेळाडूला स्वतःच्या हाताने काहीही लिहिता येतं. 'इथे कोळी', 'हा माणूस खोटं बोलतो', 'किल्ली मिळाल्यावर परत ये'. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे गेम सांगत नाही. आज बहुतेक गेममध्ये पडद्यावर बाण असतो, तो दाखवेल तिकडे जायचं. १९९२ सालच्या या गेमने ती जबाबदारी खेळाडूवर सोपवली होती. आठ मजले उतरेपर्यंत प्रत्येकाच्या नकाशाची वही वेगळी झालेली असायची. आणखी एक: या विवरात एक रुपेरी बी मिळतं. ते मातीत रुजवलं की झाड उगवतं, आणि नंतर मरण आलं तर त्या झाडापाशी पुन्हा जाग येते. ते कुठे लावायचं, हे खेळाडूचं खेळाडूने ठरवायचं.

आणि या भुयारात नुसते राक्षस राहत नाहीत, तिथे वस्ती आहे. कॅबिरस नावाच्या एका सरदाराने इथे वेगवेगळ्या जमातींना एकत्र राहायला आणलं होतं; आठ सद्गुणांवर चालणारी वसाहत हे त्याचं स्वप्न. तो मेला, आणि वसाहत फुटली. पहिल्याच मजल्यावर गॉब्लिनांच्या दोन टोळ्या आहेत, एक हिरवी, एक करडी. दोघींमध्ये हाडवैर. तोपर्यंत गॉब्लिन म्हणजे दिसताक्षणी मारायचा प्राणी अशी सगळ्या गेमची रीत होती. इथे त्यांच्याशी बोलता येतं, वस्तूंची अदलाबदल करता येते, वाट विचारता येते. मारायचं तर मारताही येतं, आणि मग शेजारी शत्रू होतात. खाली दुसऱ्या मजल्यावर डोंगरी बुटके, चौथ्यावर सरदारांचा एक पंथ. तिसऱ्यावर सरड्यांसारखी माणसं, जी आपल्याच भाषेत बोलतात. ती भाषा खेळाडूला येत नाही, आणि पडद्यावर भाषांतर येत नाही. ती शिकवणारा भेटतो तो एक मुका कैदी. खेळाडू शब्द उच्चारतो, कैदी हातवारे करून अर्थ सांगतो. शब्द लक्षात ठेवायचे, कागदावर उतरवायचे, मग सरड्यांकडे परत जायचं.

'अल्टिमा' मालिकेचा नायक म्हणजे अवतार, आणि ही कल्पना गॅरियटने भारतीय परंपरेतून उचलली होती. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये राक्षस मारून नव्हे तर करुणा, प्रामाणिकपणा, त्याग, नम्रता असे आठ गुण अंगी आणून अवतार व्हायचं होतं. अंडरवर्ल्डमधला खेळाडू तोच अवतार. विवरात जागोजागी वेदी आहेत. त्यांच्यापुढे मंत्र म्हटला की अंगचं एखादं कौशल्य वाढतं. मंत्र आधी कुणाकडून तरी कळावा लागतो, किंवा कुठेतरी लिहिलेला सापडावा लागतो. मात्र कुणी न सांगताही तो टाइप केला तर चालतो, कारण गेम फक्त शब्द तपासतो. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला हा ठेवा पहिल्या दिवसापासून हाताशी असतो.

हे सगळं घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी याआधी एकही गेम पुरा केलेला नव्हता. मुख्य प्रोग्रामर झालेला डग चर्च एमआयटीतून आलेला कोवळा मुलगा. चालण्याची, लढण्याची पद्धत त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून फेकून दिली. ऑस्टिनहून स्पेक्टर निर्माता म्हणून जोडला गेला, आणि उंदरिणीचा धडा त्याने सोबत आणला. तरुणांच्या या कंपूला विमानांच्या सिम्युलेशनची सवय होती. सिम्युलेशनमध्ये वारा सगळ्या विमानांना सारखाच लागतो. एखाद्याच विमानासाठी वेगळा वारा लिहीत बसत नाहीत. भुयारालाही त्यांनी तोच न्याय लावला. माझ्या मते पंचाची उणीव त्यांनी अशी भरून काढली. माणसाचं तारतम्य संगणकात घालता येत नव्हतं, तेव्हा त्याऐवजी सगळीकडे सारखेच लागू होणारे नियम घातले आणि त्या नियमांतून जे निघेल ते मान्य केलं, मग ते आपण योजलेलं असो वा नसो. हे मान्य करायला मोठं मन लागतं. आपण महिनोन्महिने रचलेलं कोडं एखाद्याने काठीने बटण दाबून निकालात काढलं, तर बहुतेक रचनाकारांचा हात त्या काठीला बंदी घालायलाच शिवशिवतो.

गेम मार्च १९९२ मध्ये बाजारात आला. दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, आयडी सॉफ्टवेअरचा 'वोल्फेन्स्टाइन ३डी' आला आणि जगाचं लक्ष त्याने खेचून घेतलं. त्याचा वेग अफाट होता. त्यात सगळ्या भिंती काटकोनात, सगळे मजले एका पातळीत, आणि करायचं काम एकच, बंदूक चालवायची. अंडरवर्ल्ड संथ होता, चित्राची खिडकीही पडद्याचा एक भागच व्यापायची. पण त्याची कीर्ती तोंडोतोंडी पसरत गेली आणि पुढे त्याच्या जवळपास ५ लाख प्रती खपल्या. दुसरा भाग १९९३ च्या जानेवारीत घाईघाईने आला. तोवर ब्लू स्काय आणि लर्नरची कंपनी एक होऊन तिचं नाव लुकिंग ग्लास झालं होतं, आणि ओरिजिन इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली होती.

इथे या इतिहासाला एक वळण मिळालं, आणि त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही म्हणून जरा थांबतो. दार, काठी, आग, पाणी यांना नियम लागू होत होते, पण बोलण्याला होत नव्हते. गॉब्लिनाशी बोलायला लागलं की भुयार बाजूला सरायचं, तीन-चार छापील वाक्यं पुढे यायची आणि त्यांतलं एक निवडायचं. दाराशी हवं ते करू शकणारा खेळाडू माणसासमोर आला की एकदम लेखकाच्या मुठीत जायचा. टेबलाभोवतीच्या पंचाला सर्वांत सोपं जे, पात्राच्या तोंडून सुचेल ते बोलणं, तेच संगणकाला सर्वांत अवघड. चर्च आणि त्याच्या सहकाऱ्यांना ही फट फार बोचली. पुढच्या गेममध्ये त्यांनी कठोर निर्णय घेतला. १९९४ च्या 'सिस्टिम शॉक' मध्ये पाताळाची जागा अंतराळस्थानकाने घेतली, आणि त्या स्थानकात बोलायला जिवंत माणूसच ठेवला नाही. सगळे मेलेले किंवा बिघडलेले. त्यांनी मागे ठेवलेल्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणं सापडत जातात आणि त्यांतून गोष्ट जुळवायची. कबरीतली माणसं आपापली कहाणी सांगतात अशा रचनेचा एडगर ली मास्टर्सचा 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी' हा कवितासंग्रह लेखक ऑस्टिन ग्रॉसमनच्या डोक्यात होता. संवाद काढून टाकल्यावर खेळाडू आणि जग यांच्यामध्ये काहीच उरलं नाही. मला ही तोड विलक्षण वाटते, आणि तिची किंमतही दिसते. गॉब्लिनांच्या टोळ्या, मुका कैदी, जिथे शेजारी राहतात असं भुयार, हे सगळं त्या निर्णयाबरोबर गेलं.

लुकिंग ग्लासने पुढे १९९८ मध्ये 'थीफ' केला. त्यात पहारेकऱ्यांना पावलांचा आवाज ऐकू जातो, म्हणून फरशी सोडून गालिच्यावरून चालायचं, आणि पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची. १९९९ मध्ये चर्चने एका व्यावसायिक मासिकात लेख लिहून या सगळ्या अनुभवाला शब्द दिले. खेळाडूला मनात बेत आखता आला पाहिजे, आणि त्या बेताचा परिणाम त्याला समजेल असा समोर घडला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. फसलेला बेतसुद्धा चालेल, पण का फसला ते कळलं पाहिजे. मे २००० मध्ये लुकिंग ग्लास पैशांअभावी बंद पडली. पुढच्याच महिन्यात याच विचाराचा, स्पेक्टरचा 'ड्यूस एक्स' हा गेम आला.

भुयाराकडे परतले ते मात्र अमेरिकन नव्हेत. फ्रान्समधल्या लिऑं शहरात राफाएल कोलांतोनियोने १९९९ मध्ये अर्केन स्टुडिओज काढला तो 'अल्टिमा अंडरवर्ल्ड'चा तिसरा भाग करायचा या ओढीने. हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते आणि त्यांनी परवानगी दिली नाही. मग त्याने आपलंच पाताळ रचलं. 'आर्क्स फॅटालिस' २००२ मध्ये आला. सूर्य विझला आहे, वरची जमीन गोठली आहे, आणि माणसं, गॉब्लिन, ट्रोल सगळे जुन्या खाणींत उतरून राहताहेत. खेळाडू जागा होतो तो गॉब्लिनांच्या कोठडीत, आठवण पुसलेला.

इथे मंत्र म्हणजे बटण नव्हे. कळ दाबून धरायची आणि माउसने हवेत रून-अक्षरं काढायची. रेघ वाकडी गेली तर मंत्र फुकट. सुरुवातीला मिळणारे मंत्र अगदी साधे, पेटवणं आणि विझवणं. पण ते साऱ्या खाणीत चालतात. विझलेल्या शेकोटीवर पेटवण्याचा मंत्र काढा, जवळ कच्चं मांस ठेवा, थोड्या वेळात ते भाजून निघतं. पिठाच्या पिशवीवर पाणी घातलं की कणिक होते आणि ती आगीजवळ ठेवली की पाव. फार वेळ ठेवाल तर करपतो. हे करायला गेममध्ये कुणीही सांगत नाही. बाहेर सूर्य नाही, आत आपण आगीपाशी बसून पाव भाजला जाण्याची वाट बघतोय. या खाणीत लोक राहतात यावर विश्वास बसायला ती शेकोटी पुरे होते. गेमचं कौतुक झालं, विक्री बेताची झाली. जानेवारी २०११ मध्ये अर्केनने त्याचा सोर्स कोड खुला केला, आणि हौशी प्रोग्रामरांनी 'आर्क्स लिबर्टाटिस' या नावाने तो आजच्या संगणकांवर चालेल असा करून ठेवला.

दरम्यान मोठ्या बाजाराने अंडरवर्ल्डकडून वेगळंच काही उचललं. बेथेस्डाच्या 'अरेना'ने १९९४ मध्ये त्याच धर्तीचं भुयार घेतलं आणि त्याचं क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढवलं. त्या 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेने पुढे कोट्यवधी खेळाडूंना मोकळं रान दिलं, ते मी नाकारत नाही. पण हवं तिथे जाता येणं आणि गेल्यावर हवं ते करता येणं यांत अंतर आहे, आणि अर्केनचे लोक दुसऱ्या गोष्टीला धरून राहिले. २०१७ च्या त्यांच्या 'प्रे' मध्ये खेळाडूला एखाद्या वस्तूचं रूप घेता येतं. बंद कार्यालयाच्या काचेला एक छोटी फट असते. टेबलावरच्या कॉफीच्या कपाचं रूप घ्यायचं आणि गडगडत त्या फटीतून आत जायचं. शेरीची ती जाळी इथे अडीच दशकांनंतर पुन्हा भेटते, फरक इतका की आता रचनाकार हातात साहित्य देऊन खेळाडू काय करतो याची वाट बघत असतात.

न्यूराथने स्वतः परतायचा प्रयत्न केला, तो फसला. अदरसाइड एंटरटेनमेंट ही नवी कंपनी काढून त्याने 'अंडरवर्ल्ड'चे हक्क मिळवले; 'अल्टिमा' हे नाव मात्र मिळालं नाही. २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी ८ लाख ६० हजार डॉलर दिले. देणाऱ्यांत १९९२ चे खेळाडू होते, आता पन्नाशीकडे झुकलेले. 'अंडरवर्ल्ड असेंडंट' नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. त्यात लाकडी दार जाळता येत होतं, दोरी तोडता येत होती, कागदावरचे सगळे नियम जागच्या जागी होते. पण जग अखंड नव्हतं. सुटी सुटी लेव्हल, प्रत्येक लेव्हलवर काम घेऊन जायचं. गेम सेव्ह करून पुन्हा सुरू केला की ती लेव्हल जशीच्या तशी, आपण काही केलंच नव्हतं अशी, परत समोर. जाळलेलं दार पुन्हा शाबूत. नंतरच्या अपडेटमध्ये सेव्हची पद्धत बदलली, तोवर परीक्षणं लिहून झाली होती आणि ती फार कडक होती. लोकांनी खरोखर मनाला लावून घेतलं ते हेच, की केलेलं टिकत नाही. कॅबिरसच्या विवरात पहिल्या मजल्यावर टाकून दिलेली मशाल सातव्या मजल्यावरून परत आलं तरी तिथेच पडलेली असायची.

मूळ 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' आजही विकत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. नव्याने घेणाऱ्याची बोटं पहिला तासभर अडखळतील, कारण चालायची आजची पद्धत तेव्हा ठरलेलीच नव्हती. चित्राच्या खिडकीत माउस धरून ठेवला की त्या दिशेने पाय पडतात. त्याची सवय व्हायला वेळ द्या. पहिल्या मजल्यावर गॉब्लिन दिसला तर आधी बोलून बघा. नकाशावर पहिल्यापासून लिहीत चला, आणि तिसऱ्या मजल्यावर त्या मुक्या कैद्याकडे जाताना इंटरनेटवरची तयार शब्दयादी उघडू नका, वही आणि पेन घेऊन बसा.